कापून ठेवलेला आवाज

माझे भाऊजी जन्मापासून आंधळे आणि जन्मापासूनच हट्टी. पहिली गोष्ट लोकांना लगेच दिसते, दुसरी कळायला त्यांच्याशी नातं जोडावं लागतं. ते माझ्या थोरल्या बहिणीने जोडलं आणि आम्हा बाकीच्यांना निस्तरावं लागलं. कुणी त्यांच्यासमोर फार जपून शब्द वापरायला लागलं की ते म्हणतात, “आंधळा म्हणा हो सरळ. तुमचं तोंड कसं झालंय ते मला थोडंच दिसणार आहे!” गप्पांना माणूस एकदम झकास. पण कानाला चूक लागली की बापालाही सोडायचे नाहीत.

त्या कानांवरच त्यांनी तीस वर्षं पोट भरलं. एका मोठ्या इस्पितळात ते टेलिफोन ऑपरेटर होते. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसून चारशे फोन जोडायचे. कुठल्या डॉक्टरांचं घरी भांडण झालंय आणि कुठली नर्स नोकरी सोडणार आहे, हे त्यांना नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं. मग इस्पितळाने नवीन यंत्र आणलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. भाऊजींना हार घालून वेळेआधी घरी पाठवलं आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. काट्यांचं. ताई संतापली होती, भाऊजी मात्र आठवडाभर येईल-जाईल त्याला ते घड्याळ दाखवून हसत होते.

घरी बसलेल्या माणसाने करायचं काय? ताई त्यांना रोज पेपर वाचून दाखवायचीच. गावातल्या अंधशाळेच्या मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्या, की मुलींना ऐकायला पुस्तकं नाहीत. तिथून सुरुवात झाली. मागच्या खोलीच्या खिडकीला जुनी गादी ठोकली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. ताई वाचायची, भाऊजी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे आणि नंतर कानाला हेडफोन लावून ते साफ करायचे. कॉम्प्युटर त्यांच्याशी बोलायचा. पडद्यावर जे उमटेल ते मोठ्याने वाचणारा प्रोग्राम असतो, त्याच्या आधाराने ते की-बोर्डवर असे धावायचे, की डोळस माणसाने तोंडात बोट घालावं. चौदा वर्षांत दोनशे चौदा पुस्तकं झाली. भूगोल, विज्ञान, कथा, चरित्रं, एक तर टंकलेखनाचं पुस्तकसुद्धा.

साफ करणं म्हणजे काय, ते मी एकदा शेजारी बसून पाहिलं. ताईची जीभ अडखळली, काप. पान उलटल्याचा आवाज आला, काप. खोकला, शिंक, खुर्चीची कुरकुर, काप. दहा मिनिटांच्या वाचनाला चाळीस मिनिटं लागायची. ताई म्हणायची, “माझ्या आईने मला जेवढं वळण लावलं नाही, तेवढं या माणसाने लावलं.” शाळेत पुस्तक जायचं ते घासूनपुसून लख्ख. मुलींना वाटायचं, ही बाई कधी चुकतच नाही.

पण कापलेलं भाऊजींनी कधी टाकलं नाही. चुकून जास्त कापलं गेलं तर परत जोडता यावं, म्हणून सुरुवातीला त्यांनी ते एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि फोल्डरला नाव दिलं ‘कचरा’. पुढे ती सवयच झाली. चौदा वर्षांचा कचरा साठला. त्यात काय आहे, हे ताईला त्यांनी कधी सांगितलं नाही. का नाही, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “लाज वाटली गं. बायकोच्या शिंका जपून ठेवतो, असं कुठल्या नवऱ्याने सांगायचं?”

ताई गेली फुप्फुसाच्या आजाराने. तिच्यानंतर चार महिन्यांनी मी भाऊजींकडे गेले होते. त्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, “धाकटे, घाबरू नकोस हं.” आणि कचरा लावला.

“अहो, थांबा, दूध बघते.” मग चपलांचा आवाज, लांबून “गेलं मेलं सगळं!” मग परत येऊन धापा टाकत, “हं, कुठे होतो आपण?” एका ठिकाणी एका लांबलचक औषधाच्या नावावर ती चार वेळा अडखळली आणि पाचव्यांदा अशी खुदकन हसली, की मला तिचे पुढचे दोन दात दिसले. एका ठिकाणी नुसतंच भांडण. “मी नाही वाचत आता. सकाळपासून बसलेय, माणूस आहे की टेप?” मी रडले, भाऊजी रडले, पुन्हा हसलो. पुस्तकांतली ताई सगळ्या जगाची होती. ही आमची होती.

“मला याची कॉपी द्या,” मी म्हटलं.

“देतो की. पण असं विस्कटलेलं कसं देऊ? तारखेप्रमाणे लावून देतो.”

आता ‘आत्ता द्या, विस्कटलेलंच द्या’ असं मी म्हणायला हवं होतं. तसं म्हटलं नाही. माणूस वर्षानुवर्षं नेटकेपणाने काम करतोय, करू दे, असा विचार केला. आठ महिने ते तारखा लावत बसले होते.

त्याच भेटीत मी आणखी एक गोष्ट केली. कॉम्प्युटरचा पडदा घरी नेला. ताई होती तेव्हा तिला लागायचा, आता तो टेबलावर धूळ खात होता. “तुम्हाला काय उपयोग याचा?” मी विचारलं. “काही नाही. ने की,” ते म्हणाले. आंधळ्या माणसाच्या घरात पडदा म्हणजे टकल्याच्या खिशातला कंगवा, हा त्यांचाच विनोद. मी तो स्वयंपाकघरात फळीवर लावला, केबलचा डबा जोडला आणि भाजी चिरता चिरता त्यावर मालिका बघायला लागले.

नंतर भाऊजींची मशीन कुरकुर करायला लागली. सिस्टिम जुनी, आणि वाचून दाखवणारा प्रोग्राम वाक्याच्या मधेच मान टाकायचा. तेव्हा सोळा नंबरने लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमचं काढलं. सोळा नंबर म्हणजे भाऊजींचा मित्र, तोही आंधळा, तोही ऑपरेटर, दुसऱ्या गावच्या इस्पितळात. एकेकाळी दोन इस्पितळांमध्ये थेट लाइन होती, तिचा नंबर सोळा. पंचवीस वर्षं दोघं रोज बोलतात आणि एकदाही भेटलेले नाहीत. सोळा नंबरने आपल्या मशीनवर लिनक्स टाकलं होतं आणि नवीन जावयाचं करावं तसं त्याचं कौतुक करत होता. फुकट आहे, हलकं आहे, आणि मुख्य म्हणजे टाकायला डोळस माणूस लागत नाही. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केली की एक बीप वाजतो, मग एक अक्षर दाबायचं, की पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत सगळं ते बोलून विचारतं. भाऊजींना हेच भावलं. कुणाचे डोळे उसने घ्यायला नकोत.

त्यांच्या डिस्कचे दोन भाग होते. सीमध्ये सिस्टिम, डीमध्ये आवाज. सोळा नंबरने बजावलं होतं, “सीवर टाक, डीला हात लावू नको.” बुधवारी सकाळी भाऊजींनी तसंच केलं. नाकात बोलणारा एक परदेशी बुवा एकेक प्रश्न विचारत गेला, भाऊजी उत्तरं देत गेले. अकरा वाजता बुवा म्हणाला, झालं, आता पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा चालू करा.

त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि मशीन चालू केली. पंखा फिरला, डिस्क चाळीसेक सेकंद टिकटिकली आणि थांबली. बुवा काही बोलला नाही.

इथून पुढचं मला दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. दोन आंधळे ऑपरेटर, मध्ये तीनशे किलोमीटरची तार, आणि एक मुकी मशीन. भाऊजी फोनचा रिसीव्हर डिस्कला लावायचे, सोळा नंबर तिकडून ऐकायचा. “आम्हा दोघांचे मिळून डोळे शून्य,” भाऊजी म्हणाले, “पण कान चार. आम्ही मागे हटतोय होय?” त्यांनी पेनड्राइव्ह परत लावून पाहिला. बुवा लगेच बोलायला लागला. काढला की मुका. म्हणजे मशीन ठणठणीत, स्पीकर ठणठणीत, दोष डिस्कवर. किती सरळ हिशोब! माझ्यासारखीने तर तो डोळे मिटून मान्य केला असता.

सोळा नंबरने निदान केलं. मशीन सुरू झाली की सिस्टिम कुठल्या खोलीत आहे हे सांगायला डिस्कच्या दाराशी एक दरवान लागतो, त्याला बूट लोडर म्हणतात. तो नीट बसला नसणार. मग गुरुवारी त्यांनी पेनड्राइव्हवरून आत शिरून तो दरवान दोनदा नव्याने बसवला. काही फरक नाही.

त्याच दिवशी दुपारी भाऊजींनी मला फोन केला. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी लिहून घेते. खिडकीपाशी वीसेक माणसं उभी होती, त्यात एक बाई गढूळ पाण्याची बाटली माझ्या नाकासमोर नाचवत होती.

“धाकटे, तासभर डोळे दे.”

“आता? कशाला?”

“मशीन उठत नाहीये. तो पडदा घेऊन ये, लावू, आणि काय लिहून आलंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखव. मग आम्ही बघतो.”

“भाऊजी, मला इथे मरायला फुरसत नाही. रविवारी येते.”

“संध्याकाळी जमेल?”

“रविवारी येते म्हटलं ना!”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. तो माणूस तिसऱ्यांदा कधी विचारत नाही. मला माहीत होतं. संध्याकाळी मी मोकळीच होते.

शुक्रवारी त्यांनी मशीनचं झाकण उघडून आतली नाण्याएवढी बॅटरी नखाने काढली, पुसली, परत बसवली. काही उपयोग नाही. तीन दिवस घरात पेपर नाही, पत्र नाही, पुस्तक नाही, किती वाजले हेसुद्धा फोन करून विचारायचं. आपण डोळस माणसं म्हणतो, तीन दिवसांनी काय होतंय. त्यांच्यासाठी ते अंधारकोठडीचे तीन दिवस होते आणि मी ‘रविवार’ म्हणून मोकळी झाले होते.

शनिवारी सोळा नंबर म्हणाला, “एकच उपाय राहिला. जुन्या भागांमुळेच घोळ होतोय. अख्खी डिस्क कोरी कर आणि नव्याने टाक.” मग त्याने विचारलं, “डीमध्ये काय आहे? कॉपी आहे ना?”

“आहे. बाहेरच्या डिस्कवर आहे.”

“नक्की?”

“बायकोने केलीय. ती अर्धवट काम करत नाही.”

हे खरं होतं. शेवटच्या उन्हाळ्यात, चार पावलं चालली तरी धाप लागायची तेव्हा, ताईने घरातलं सगळं मार्गी लावलं. डब्यांना ठिपक्यांच्या लिपीतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. औषधांना वेगवेगळे रबर बांधले. आणि बाहेरची एक डिस्क आणून मशीनमधलं सगळं त्यावर उतरवलं. “डीमधलं सगळं घे गं,” भाऊजींनी सांगितलं होतं. “घेतलं,” ती म्हणाली होती. त्यांनी ती डिस्क उघडून कधी तपासली नाही. ताईचं काम तपासायची वेळ त्यांच्यावर फक्त वाचनात यायची. शनिवारी पेनड्राइव्हवरच्या बुवाकडून ती वाचून घेता आली असती, पण ते त्यांना सुचलंच नाही.

शनिवारी दहा वाजता त्यांनी पेनड्राइव्हवरून हुकूम दिला. डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत शून्य लिहीत जा. नुसतं पुसू नको, शून्यांनी भरून काढ. जुन्याचा मागमूस राहायला नको, असं सोळा नंबरचं म्हणणं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, पण तेव्हा कुणाला कळलं होतं? चार तास डिस्क एका सुरात घुमत होती. भाऊजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. दोनदा चहा करून प्यायले. तीन दिवसांनी मशीन अशी मन लावून काम करताना ऐकू आली म्हणून बरं वाटत होतं, असं त्यांनीच मला सांगितलं.

त्या चार तासांत मी घरी होते. आठवडाभराचे राहिलेले भाग एका दमात बघितले. त्याच पडद्यावर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे सांगते आहे.

रविवारी पडदा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि बसने गेले. भाऊजींनी दार उघडलं. दाढी वाढलेली, पण मूड बरा. “ये, डॉक्टरीणबाई ये. पेशंट आंघोळ करून तयार आहे. काल धुऊन काढला, सकाळी पुन्हा सिस्टिम टाकली, तरी तोंड उघडत नाही. आता तूच बघ.”

मी पडदा टेबलावर ठेवला. त्याची चपटी वायर मशीनच्या पाठीत खुपसली. भाऊजींनी बटण दाबलं. पंखा, टिकटिक, चाळीस सेकंद. आणि पडदा बोलला. माझ्या डोळ्यांसमोर काळ्यावर पांढरी अक्षरं आली आणि त्याच वेळी पडद्याच्या पोटातून तो नाकातला बुवा स्वच्छ म्हणाला, “लॉगिन.”

भाऊजींनी टाळी वाजवली. “अरे वा! पायगुण आहे धाकटे तुझा!” मग ते थांबले. त्यांची मान माझ्याकडून टेबलाकडे वळली. “आवाज कुठून आला?”

“पडद्यातून.”

“पडद्याला स्पीकर आहे?”

“आहे की. मी त्याच्यावर मालिका...”

मला यातलं फार कळत नाही, पण त्यांनी नंतर समजावलं ते असं. त्या मशीनला तोंडं दोन. एक गोल भोक, ज्याला भाऊजींचे स्पीकर लावलेले. दुसरं पडद्याच्या वायरीचं, तिच्यातूनही आवाज जातो. पेनड्राइव्हवरून काम चालू असताना बुवा पहिल्या तोंडाने बोलत होता. सिस्टिम डिस्कवर गेल्यावर तिने आपलं आपण दुसरं तोंड निवडलं. बुधवारी अकरा वाजता मशीन व्यवस्थित उठली होती. गुरुवारी उठली होती, शुक्रवारी उठली होती. दर वेळी नाव विचारत होती. पण पडद्याच्या वायरीतून विचारत होती, आणि पडदा माझ्या स्वयंपाकघरात होता.

“बटण,” भाऊजी म्हणाले. “बटण एकदा दाबलं की ती दोन-तीन सेकंद डिस्क चालवायची आणि मग शहाण्यासारखी बंद व्हायची. रोज. अडकलेली मशीन अशी आवरून बंद होत नाही गं. तिला बटण दाबून धरावं लागतं. मला ऐकू येत होतं. मी ऐकत होतो आणि मला कळलं नाही.”

“भाऊजी,” मी विचारलं, “ताईचं ते सगळं?”

“ते आहे. ते काढून ठेवलंय.” ते उठले, कपाटातून डिस्क काढली, पुसली, मशीनला लावली. काहीतरी टाइप केलं. बुवा भराभर वाचायला लागला, तर त्यांनी त्याला गप्प केलं. “तू वाच. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

मी वाचलं. पुस्तकं. शाळेची पत्रं. बँक. गाणी. वाढदिवसाचे फोटो. एवढंच होतं.

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. पुस्तकांच्या आत शिरून वाचलं, पत्रांच्या आत शिरून वाचलं. एक तास आम्ही ती डिस्क उलटीपालटी केली. दोनशे चौदा पुस्तकं होती, एकही कमी नाही. ‘कचरा’ कुठेच नव्हता.

मला लगेच कळलं आणि त्यांनाही कळलं असणार. ताई ती. पिशवीवरची दोरीसुद्धा गुंडाळून डब्यात ठेवणारी, पण सडकं पान क्षणभर घरात न ठेवणारी. धाप लागत असताना एकेक फोल्डर बघत बघत ती खाली आली असेल, ‘कचरा’ असं वाचलं असेल आणि मनात म्हणाली असेल, हे कशाला न्यायचं? हात लावायचीही गरज नाही, फक्त घ्यायचं नाही. त्यात तीच होती, हे तिला कुणी सांगितलं होतं?

मी ताईवर चिडले. मेलेल्या माणसावर चिडता येतं, मी चिडले. मग सोळा नंबरवर, भाऊजींच्या त्या तारखांच्या नेटकेपणावर. स्वतःवर चिडायची वेळ घरी परत आल्यावर आली आणि ती अजून संपलेली नाही.

डिस्क घेऊन आम्ही एका दुकानात गेलो. पुसलं गेलेलं परत काढून देतो म्हणून तिथे पाटी होती. दुकानदार भला माणूस होता. दोन दिवस त्याने खटपट केली आणि शेवटी म्हणाला, “काका, तुम्ही पाटी पुसली असती तर खडूचे वण तरी राहिले असते. तुम्ही पाटीच नवी केलीत.” भाऊजींनी त्याचे आभार मानले. बाहेर पायरीवर त्यांचा पाय अडखळला. इतक्या वर्षांत मी त्यांना पायरीवर अडखळताना पाहिलं नव्हतं.

मशीन आता उत्तम चालते. पहिलं तोंड निवडून द्यायला त्यांना दहा मिनिटं लागली. सोळा नंबरला त्यांनी काहीही सांगितलेलं नाही. “डोळस माणूस आला, पडदा लावला, झालं,” एवढंच. मला बजावलं, “त्याला कळता कामा नये. त्याने सांगितलं म्हणून मी शून्य भरलं, हे त्याला कळलं तर तो जेवायचा नाही.” सोळा नंबर तिकडे लोकांना सांगतो, की आम्ही दोघांनी फोनवरून मशीन दुरुस्त केली. भाऊजी त्याला दुजोरा देतात.

त्यानंतर त्यांनी पुस्तकं ऐकायला घेतली. पहिल्यापासून, क्रमाने, हेडफोन लावून, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मला वाटलं, ताईचा आवाज ऐकून मन रमवताहेत, चांगलं आहे. महिन्याभराने गेले तेव्हा टेबलावर कागदांची चळत होती, ठिपके टोचलेले. काय लिहिताय म्हणून विचारलं.

“शोधतोय.”

“काय?”

“कापायचं राहिलेलं काहीतरी. एखादा खोकला. चुकलेला शब्द. मी पण माणूसच ना, चौदा वर्षांत कुठेतरी माझी नजर चुकली असेल.” ‘नजर’ हा शब्द ते एरवी गमतीने वापरतात. आता गंमत नव्हती.

“किती झाली?”

“एकाहत्तर. काही नाही सापडलं.” मग म्हणाले, “शेवटच्या वर्षी तिचे खोकले वाढले होते. एका पानाला पाच, सहा. मी मोजत होतो बरं का, कारण काम वाढत होतं. मी ऐकले, कापले आणि पुढे गेलो. तिला सांगितलं, पाणी पीत जा. कान म्हणे माझे! डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं आणि मी पाणी प्यायला सांगितलं.”

मी चहा टाकला. माझ्या तोंडाचा पट्टा एरवी कुणासमोर थांबत नाही, पण त्या दिवशी चहा पिऊन गुपचूप घरी आले. आता मी दर गुरुवारी कचेरीतून परस्पर त्यांच्याकडे जाते. ते बोलावत नाहीत, मी विचारत नाही. काही दिवस मी म्हणून पाहिलं, “भाऊजी, पुरे आता, तब्येत बघा.” ते म्हणायचे, “शहाण्णव झाली.” मग, “एकशे तीस झाली.” वजन उतरलं, कान लाल झाले, हेडफोनने कानामागे घट्टे पडले. शाळेतून नवीन पुस्तकाबद्दल विचारायला फोन आला, त्यांनी घेतला नाही.

परवा मी खिडकीवर असताना फोन आला. समोर रांग होती. मी खिडकी बंद केली आणि आतल्या खोलीत गेले.

“धाकटे, सापडलं.”

ते भराभर सांगू लागले. “एकशे ब्याण्णवावं. पाचवीचा भूगोल, नद्यांचा धडा. धडा संपतो, पुढचा सुरू व्हायच्या आधी अर्धा सेकंद आहे. त्या अर्ध्या सेकंदात तिने चष्मा टेबलावर ठेवलाय. मी दोन दिवस तेच ऐकतोय. पण माझा आता माझ्या कानांवर भरवसा राहिला नाही. तू ऐक आणि खरं सांग. आहे का नाही?”

त्यांनी फोन स्पीकरला लावला. ताईचा शांत, स्वच्छ आवाज आला, “...आणि तेथे ती समुद्राला मिळते.” मग काही नाही. मग, “धडा सातवा.”

“आलं ऐकू?”

“पुन्हा लावा.”

त्यांनी पुन्हा लावलं. मी दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे घट्ट मिटले. समुद्राला मिळते. धडा सातवा. मध्ये काहीच नव्हतं. आणखी दोनदा लावायला सांगितलं. तरी काहीच नाही.

“धाकटे?”

“हो,” मी म्हटलं. “ताईने चष्मा ठेवला.”